काकांनी वायर का काढली?

पत्र: सर, मी सोलापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ७.१, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय. मला प्रॉडक्ट डिझाइन करायचंय. बाबांचा पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना आहे, ८ माग. ते म्हणतात, डिझाइन म्हणजे चित्रकला. करायचंच तर मेकाट्रॉनिक्समध्ये एम.टेक. कर, त्याला स्कोप आहे. मागच्या सुट्टीत मी एका मागाला, ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की मोटर बंद होईल, अशी सोय केली होती. पंधरा दिवसांत मागावरच्या काकांनी वायर काढून टाकली. तेव्हापासून बाबा मला कारखान्यात येऊ देत नाहीत. म्हणतात, हा खडखडाट तुझ्या नशिबी नको. असो, हे काही सांगण्यासारखं नाही. मेकाट्रॉनिक्स की डिझाइन, एवढंच सांगा.

उत्तर: ‘असो’ म्हणून तू जे झटकलंस, तिथेच मी अडकलो. बाकीचं पत्र मला दर आठवड्याला येतं.

आधी बाबा. ‘हा खडखडाट तुझ्या नशिबी नको’ हे वाक्य सोलापुरात, इचलकरंजीत, मालेगावात किती घरांत ऐकू येत असेल! त्यातली माया कळते मला. दिवसभर त्या आवाजात उभं राहून रात्री ज्याला टीव्ही मोठा करावा लागतो, तो पोराला तिथे कशाला पाठवेल? पण पोरगा इंजिनिअर व्हावा म्हणून फी भरायची आणि घरचं यंत्र तेवढं त्याच्यापासून लपवायचं, याला काय म्हणावं? ज्या माणसाने ८ माग उभे केले, त्याने ‘स्कोप’सारखा चार लोकांच्या तोंडचा शब्द उचलून तुझ्या हातात द्यावा, याचं मला वाईट वाटलं. हे त्यांना वाचून दाखव. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

आता गैरसमज, आणि तो तुम्हा दोघांचाही आहे. मेकाट्रॉनिक्स म्हणजे खरं इंजिनिअरिंग आणि डिझाइन म्हणजे छान दिसण्याचं काम, अशी वाटणी तुम्ही करून टाकलीत. तुझाच माग बघ. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची पिन लटकते, धागा तुटला की ती पट्टीवर पडते, सर्किट पुरं होतं, रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, मोटर बंद करतो. हे मेकाट्रॉनिक्सच झालं. १९६९ मध्ये जपानच्या यास्कावा कंपनीतल्या तेत्सुरो मोरी यांनी मेकॅनिझम आणि इलेक्ट्रॉनिक्स जोडून हा शब्द केला, तो अशाच कामासाठी. तुझं सर्किट चालत होतं. तरी ते पंधरा दिवसांत का बंद पडलं? या प्रश्नापाशी प्रॉडक्ट डिझाइन सुरू होतं. टर्किश टॉवेलला दोन ताणे लागतात, एक ताठ आणि एक सैल. सैल ताण्यातूनच ते मऊ लूप उठतात. सैल ताण्यावर धागा न तुटताही पिन पडू शकते. तसं होत असेल तर माग उगाच थांबत होता, आणि काकांची मजुरी नगावर असेल तर दर खोट्या थांब्याचे पैसे त्यांच्या खिशातून जात होते. किंवा कारण अगदीच साधं असेल: पुन्हा चालू करायचं बटण तू मागच्या बाजूला बसवलंस आणि दोन माग सांभाळणारा माणूस उभा पुढे. मी इथे बसून अंदाज बांधतोय. तू तर तिथेच होतास, आणि विचारलं नाहीस. बहुतेक रुसलास.

परीक्षांचं थोडक्यात. एम.डेस., म्हणजे डिझाइनमधल्या मास्टर्ससाठी सीड ही प्रवेश परीक्षा, ती आयआयटी मुंबई जानेवारीत घेते, शेवटच्या वर्षाला असताना देता येते, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची वेगळी. एम.टेक.साठी गेट ही परीक्षा, तिचे गुण ३ वर्षं चालतात. सीडमध्ये रेखाटन असतं, त्याला घाबरू नकोस. रेषा सुंदर नसली तरी चालेल, तुला काय दिसलं ते कळलं पाहिजे. (आयआयटी मुंबईचं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरही १९६९ चंच, गंमत म्हणून सांगतो.) एम-थ्री मात्र या सेमिस्टरला काढ, त्यावर चर्चा नको.

‘की’चं उत्तर मी आत्ता देणार नाही. फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणून तोच माग घे. विकत आणलेला लाइन फॉलोअर, म्हणजे काळ्या रेषेवरून चालणारा छोटा रोबो, परीक्षकांसमोर ढकलणारी मुलं कमी नाहीत, त्यांत तुझी भर नको. पहिले पंधरा दिवस स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नकोस. काकांच्या बाजूला उभा राहा. माग कितीदा थांबतो, कशाने थांबतो, काका आधी कुठे बघतात, हात कुठे जातो, हे वहीत लिही. मग पाळी सुटल्यावर चहा घेताना विचार, वायर का काढली. ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून मला पाठव. पुढचं त्यावर बोलू.

बाबा दारातच अडवतील. त्यांना म्हण, प्रोजेक्टपुरताच येतो. आणि जाताना मेडिकलमधून इअरप्लग घेऊन जा, कापसाच्या बोळ्यांनी काही होत नाही. तीन जोड्या घे.