कापूर, ओवा, हळद आणि चोंदलेले नाक

आपण तासगावहून लिहिले आहे की बेदाण्याच्या शेडवर काम सुरू झाल्यापासून महिनाभर नाक चोंदलेले आहे, कपाळ आणि गाल जड होतात, आणि कापूर-ओव्याच्या वाफाऱ्यापासून जलनेतीपर्यंत जो भेटेल तो काहीतरी सुचवतो. त्यातले काय करावे? मी वैद्य नाही. सांगलीत काष्ठौषधींच्या दुकानात पंचवीस वर्षे बसतो, त्यामुळे कोणता जिन्नस कोण कशासाठी नेतो आणि पुन्हा येऊन काय सांगतो, एवढे मात्र माझ्या पाहण्यात आहे.

भीमसेनी कापूर, ओव्याचे फूल (म्हणजे थायमॉल) आणि पुदिन्याचे फूल हे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की पाण्याचा थेंबही न घालता थोड्या वेळात त्यांचा पातळ द्रव होतो. गिऱ्हाईक ते पाहून थक्क होते आणि तिथेच त्याचा विश्वास बसतो. रुमालावर एक थेंब घेऊन हुंगला की नाक उघडल्यासारखे वाटते हे खरे. पण पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉल, नाकातील थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, आतली सूज त्याने उतरत नाही, आणि नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तर ती जवळपास तेवढीच भरते. रात्री झोप लागण्यापुरता हा दिलासाही कमी नाही, मात्र तो दिलासाच आहे हे ध्यानात ठेवावे. ही बाटली आणि निलगिरीचे तेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण कापराचा छोटा तुकडा पोटात गेला तरी मुलाला झटके येऊ शकतात.

वाफाऱ्याने शेंबूड सैल होतो, पण ते काम साधी वाफही करते. आमच्याच घरी भाच्याने चादर पांघरून उकळते पातेले मांडीशी घेतले आणि ते कलंडले. डाग अजून आहे. तेव्हापासून मी पातेले टेबलावर ठेवून, चादरीशिवाय वाफ घ्यायला सांगतो, किंवा सरळ गरम पाण्याने आंघोळ करा म्हणतो.

हळदीबद्दल सांगलीकराने हात राखून लिहावे, हे जिवावर येते. आमच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी तिच्यातले कर्क्युमिन, म्हणजे ज्यासाठी तिला औषधी म्हणतात तो पिवळा घटक, साधारण तीन ते पाच टक्केच, आणि तेही आतड्यातून फार थोडे शोषले जाते. मिरपूड आणि दुधातली साय यांनी ते काहीसे वाढते. हळदीचे दूध घशाला बरे वाटते, अवश्य प्यावे, पण त्याने सायनस मोकळे होण्याची वाट पाहू नये. अडुळसा खोकल्यासाठी आहे, नाकासाठी नव्हे. ज्येष्ठमध रक्तदाब असणाऱ्याने रोज घेऊ नये, कारण त्याने तो वाढतो.

माझ्या मते यात सर्वांत उपयोगी जिन्नस माझ्या दुकानात मिळतच नाही: मीठ. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, मीठ विरघळवावे आणि ओणवे होऊन एका नाकपुडीतून घालून दुसरीतून सोडावे; हीच जलनेती. शेंबडाबरोबर धूळही वाहून जाते. पाणी उकळलेलेच हवे. नळाच्या किंवा बोअरच्या कच्च्या पाण्यातील अमिबा नाकावाटे मेंदूत गेल्याने माणसे दगावली आहेत. कान ठणकत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर नेती करू नये.

आता आपल्या पत्रातील जी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली: बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून आपल्या शेडवर गंधकाची धुरी देतात. तो धूर नाकाच्या आतील त्वचेला जाळतो, आणि रोज तो घेत राहिल्यास कोणताही काढा पुरा पडणार नाही. धुरीच्या वेळी शेडबाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा; साध्या कापडी फडक्याने वायू अडत नाही. सुटीच्या दिवशी नाक मोकळे राहते का, हेही पाहा.

महिना झालाच आहे, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच. डोळ्याभोवती सूज, जोराचा ताप किंवा दृष्टीत फरक असेल तर त्याच दिवशी. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर वरची दाढही तपासून घ्या. आमच्या एका गिऱ्हाइकाने दोन महिने ओव्याची पुरचुंडी हुंगली, आणि शेवटी निघाली ती किडलेली दाढ.