शाखा लवकर निवडायला लावली तर मुलांची आवड मारली जाते का?

दरवेळी मारली जाते असं नाही, पण वाट अरुंद होते. किती, ते निवडीच्या वयावर ठरतं. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपासच, मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात. त्या वयात मुलाचा कल कमी आणि घरातलं वातावरणच जास्त दिसतं, असं माझं मत. फिनलंडने १९७०च्या दशकात ही विभागणी सोळाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली.

मला जास्त खटकतात ते विषयांचे ठरलेले गट. भौतिकशास्त्र हवं तर संगीत सोडा, इतिहास हवा तर गणित सोडा. दोन्हींत रमणाऱ्याला एक विषय छंद म्हणून बाजूला ठेवावा लागतो, आणि परीक्षेच्या वर्षात छंदाला वेळ कोण देतो! त्यात शाखा गुणांवर मिळत असेल तर हुशार मुलगी आपोआप 'वरच्या' शाखेत ढकलली जाते. आवड कुणी विचारतच नाही.

भारताच्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती नकोत असं म्हटलंय. चांगलंच आहे. पण शाळेत त्या विषयाला शिक्षक नसेल किंवा दोन तास एकाच वेळी येत असतील, तर ही मोकळीक कागदावरच राहते.