हँग झालेल्या कम्युनिकेशन बोर्डाचा रॅम डंप: रीसेटला हात लावण्याआधी

पॅनेलमधला आरएस-४८५ (तारेवरचं सिरीयल कम्युनिकेशन) बोर्ड मधूनच गप्प होतो, एलईडी चालूच राहतो, पॉवर बंद-चालू केली की पुन्हा बोलू लागतो. मेमरी डंप (मेमरीतल्या मजकुराची जशीच्या तशी प्रत) कसा काढू, असं तुम्ही विचारलंय. ओळखीचं दुखणं आहे. पुढचं सगळं एसटीएम३२एफ१०३सी८ ही मायक्रोकंट्रोलर चिप धरून लिहितोय. चिप दुसरी असेल तर पत्ते तिच्या मॅन्युअलमधून घ्या.

बोर्ड हँग असतानाच, पॉवर न काढता एसटी-लिंक (चिपच्या आत बघायचं डीबगर) जोडा. एसडब्ल्यूडीआयओ (डेटा), एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक) आणि ग्राउंड, एवढंच. रीसेटची वायर जोडूच नका. स्वस्त क्लोनच्या ३.३ व्होल्ट पिनमधून सप्लाय बाहेर येतो, तीही मोकळी ठेवा. वायरी वीतभरच, क्लॉक ४८० किलोहर्ट्झ. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. बोर्डावरून व्हॉल्व्ह किंवा मोटर चालत असेल तर आधी लोड सोडवा, कारण हॉल्ट केल्यावर (प्रोसेसर थांबवल्यावर) आउटपुट आहे तसंच अडकतं.

क्यूबप्रोग्रामर या एसटीच्या सॉफ्टवेअरमध्ये मोड ‘हॉट प्लग’. ‘कनेक्ट अंडर रीसेट’ निवडलंत की चिप रीसेट होते आणि पीसी, फॉल्ट रजिस्टर्स, यूएसएआरटी यांची हँगच्या वेळची अवस्था हातून जाते. हॉल्ट करून पीसी (कोड कुठे थांबला), एलआर (कुठे परतायचं होतं), एसपी (स्टॅक कुठे आहे) टिपून घ्या. मग रॅम: हेक्स २००००००० पासून २० केबी. मग फॉल्ट रजिस्टर्स (प्रोसेसरने नोंदवलेल्या चुका): हेक्स ई०००ईडी२८ पासून २० बाइट.

यूएसएआरटी (चिपमधला सिरीयल पोर्ट) सगळ्यात शेवटी, आणि फक्त एसआर (स्टेटस रजिस्टर), ४ बाइट. मेमरी विंडोत अख्खा ब्लॉक उघडलात तर एसआरपाठोपाठ डीआरही (डेटा रजिस्टर) वाचला जातो आणि ओव्हररनची (आधीचा बाइट उचलण्याआधीच नवा आल्याची) खूण तिथेच पुसली जाते. माझा संशय नेमका त्याच खुणेवर आहे. इंटरप्टने एसआर वाचल्यावर आणि डीआर वाचण्याआधी नवा बाइट येऊन थडकला, तर आरएक्सएनई (बाइट आल्याची खूण) उतरतो पण ओआरई (ओव्हररनची खूण, बिट ३) चढलेलाच राहतो. हँडलर फक्त आरएक्सएनई बघत असेल तर तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येतो आणि मेन लूपला वेळच मिळत नाही. मग वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की चिप रीसेट करणारा टाइमर) का नाही उडाला? बहुतेक कोणीतरी त्याला टाइमर इंटरप्टमधून खाऊ घातलंय, म्हणजे मेन लूप अडकला तरी तो शांतच. माझ्या मते असा वॉचडॉग नसलेलाच बरा.

आता खरी चीड. आमचा असाच एक बोर्ड सर्व्हिस सेंटरला गेला; नाव लिहीत नाही. चिप रीड-प्रोटेक्टेड (फ्लॅश बाहेरून वाचता येऊ नये असं कुलूप लावलेली) निघाली, तर यांनी सरळ प्रोटेक्शन काढलं. ते काढलं की चिप स्वतःच अख्खी फ्लॅश पुसते, हे तिथे कोणाला ठाऊक असू नये? साइटची सेटिंग्ज, एरर लॉग, सगळं साफ. वर नवं फर्मवेअर भरून ‘दोष आढळला नाही’ असा कागद जोडला. बोर्ड परत बसवला आणि तोच रोग. त्यामुळे सॉफ्टवेअरने प्रोटेक्शन काढू का विचारलं तर ‘नाही’ म्हणा, आणि बोर्ड बाहेर पाठवताना ‘इरेज करू नये’ असं चलनावर लिहून सही घ्या.

पीसीचा अर्थ लावायला त्याच बिल्डची ईएलएफ फाइल (पत्त्यावरून कोडमधली जागा सांगणारी) लागते, जवळपासची चालत नाही. ती मिळाली नाही तरी रॅममध्ये स्लेव्ह पत्ता आणि पाठोपाठ ०३ (मॉडबस या संवादपद्धतीतला रजिस्टर वाचण्याचा कोड) शोधा. शेवटची मॉडबस फ्रेम बहुधा बफरमध्ये सापडते. आणि बोर्ड आपणहून रीसेट होऊन गेला असेल तर निदान आरसीसी-सीएसआर (रीसेटचं कारण नोंदवणारं रजिस्टर, हेक्स ४००२१०२४) वाचा. बिट २९ चढलेला असेल तर रीसेट वॉचडॉगने केलाय. फर्मवेअर सुरुवातीलाच ते बिट पुसत असेल तर मात्र तिथेही काही मिळणार नाही.