प्रकृती बिघडली म्हणजे नक्की काय बिघडलं?

इंदूरच्या रामबागेतल्या एका वहिनींनी विचारलंय, ते थोडक्यात असं. त्या फोनवर पुण्याच्या नणंदेला म्हणाल्या, "भाऊजींची प्रकृती बिघडलीय." शेजारी उज्जैनकडची सून बसलेली. तिनं घाबरून विचारलं, "क्यों, कहीं बाढ़ आई क्या?" हसणं झालं, पण वहिनींच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गीतेच्या तेराव्या अध्यायावरच्या प्रवचनात 'प्रकृती आणि पुरुष' ऐकलेलं. ती सांख्य तत्त्वज्ञांची प्रकृती आणि भाऊजींची बिघडलेली प्रकृती, हा शब्द एकच का? आणि तब्येतीला आपण मराठी लोक प्रकृती म्हणतो, ते चुकीचं तर नाही?

चुकीचं अजिबात नाही. शब्द एकच आहे, पण तो आपल्या घरी आला तो प्रवचनातून नाही, वैद्याच्या ओसरीवरून.

आधी सूनबाईंची बाजू. हिंदीत झाडं, नद्या, डोंगर म्हणजे प्रकृति. स्वभावालाही ती हा शब्द वापरते, 'शांत प्रकृति के आदमी' वगैरे. मराठीनं झाडं-डोंगरांसाठी 'निसर्ग' घेतला, त्यामुळे प्रकृतीच्या वाट्याला माणूस उरला. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' म्हणताना स्वभाव, आणि 'त्यांची प्रकृती तोळामासा' म्हणताना शरीर. इंदूरच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात, तेव्हा असा गोंधळ व्हायचाच.

आता सांख्य. कपिलमुनींच्या नावानं ओळखलं जाणारं हे दर्शन. त्याचा आज हाती असलेला मुख्य ग्रंथ म्हणजे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका. ६व्या शतकात परमार्थानं तिचं चिनी भाषांतर केलं, म्हणजे मूळ त्याच्याही आधीचं. तिसऱ्याच कारिकेत, म्हणजे श्लोकात, सगळ्या विश्वाचा हिशोब मांडलाय: मूळ प्रकृती एक, ती कशापासूनही झालेली नाही. महत् (म्हणजे बुद्धी) वगैरे सात तत्त्वं स्वतः झालेलीही आहेत आणि पुढचं घडवणारीही. सोळा नुसते 'विकार', त्यांच्यापासून पुढे नवं तत्त्व निघत नाही. आणि पंचविसावा पुरुष, जो ना प्रकृती ना विकृती. दुधाचं दही झालं की दही हा दुधाचा विकार. यात वाईट काही नाही, झालेला बदल एवढाच अर्थ. आपण मात्र 'हृदयविकार' म्हणतो आणि घाम फुटतो.

प्रकृती आणि पुरुष या द्वैताबद्दल एक गैरसमज फार दिसतो, म्हणून जरा थांबतो. दोन तत्त्वं म्हटल्यावर लोक 'शरीर आणि मन' अशी वाटणी करतात. सांख्यांची रेघ तिथे नाहीच. मन, बुद्धी, अहंकार, सगळा संसार प्रकृतीच्या बाजूला. पुरुष फक्त पाहणारा, आणि पुरुष म्हणजे इथे बाप्या नव्हे हेही सांगून टाकतो. बासष्टाव्या कारिकेत तर सरळ म्हटलंय की पुरुष बांधलाही जात नाही, सुटतही नाही. बांधली जाते आणि सुटते ती प्रकृतीच. मध्वाचार्यांचं द्वैत वेगळं. तिथे जीव आणि ईश्वर यांतलं अंतर आहे, आणि कारिकेला तर ईश्वराची गरजच पडलेली नाही. तेव्हा सांख्यांच्या हिशोबानं भाऊजींना गुडघ्याचं दुखणं असो की मनाची उदासी, 'प्रकृती कशी आहे?' हा एकच प्रश्न दोन्हींना पुरतो. पुरुषाची विचारपूस करण्याचं कारण नाही, तो बराच असतो.

मग वैद्याची ओसरी कुठे आली? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, एक ओळ आहे: "विकारो धातुवैषम्यं, साम्यं प्रकृतिरुच्यते." धातूंचा, म्हणजे शरीर धरून ठेवणाऱ्या घटकांचा, तोल ढळणं म्हणजे विकार आणि तोल असणं म्हणजे प्रकृती. पुढच्याच ओळीत आरोग्याला सुख आणि विकाराला दुःख म्हटलंय. म्हणजे आपली 'प्रकृती बिघडली' आणि आपला 'विकार', दोन्ही शब्द या एका ओळीत शेजारी बसलेत. (वात-पित्त-कफाची 'प्रकृती' हा वैद्यांचाच आणखी एक अर्थ, तो शरीराच्या जन्मजात घडणीचा.) आता याच्याशेजारी सांख्यसूत्रातली व्याख्या ठेवा: "सत्त्वरजस्तमसां साम्यावस्था प्रकृतिः." सत्त्व, रज, तम या तीन गुणांचा तोल म्हणजे प्रकृती. सांख्यसूत्रं कारिकेपेक्षा बरीच उशिराची, पण शब्द बघा, इथेही साम्यच.

म्हणून शब्द एकच म्हणालो. पण गंमत पुढे आहे. वैद्याला साम्य हवंहवंसं, ते ढळलं की दुखणं. सांख्याला साम्य म्हणजे प्रलय. तिन्ही गुण समसमान असतात तोवर काहीच घडत नाही; तोल ढळतो तेव्हा कुठे बुद्धीपासून मातीपर्यंतचा सगळा पसारा सुरू होतो. सांख्यांच्या अर्थानं भाऊजींची प्रकृती अगदी ठीक असती, तर फोन करायला नणंदही नसती आणि पुणेही नसतं.

सूनबाईंसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. त्या 'तबीयत' म्हणतात, आपण 'तब्येत'. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. मुळात 'तबअ' म्हणजे ठसा उमटवणं. त्यावरून माणसावर उमटलेला जन्माचा ठसा, म्हणजे स्वभाव, निसर्ग. युनानी हकीम शरीराला आतून सांभाळणाऱ्या शक्तीला तबीअतच म्हणतात. म्हणजे 'तबीयत ख़राब है' याचा शब्दशः अर्थ काढला तर 'प्रकृती बिघडलीय' हाच निघतो! निसर्गापासून आरोग्यापर्यंतची वाट दोन्ही शब्दांनी आपापल्या वैद्य-हकिमांचं बोट धरून काटली. त्यातही तब्येत जरा शौकीन निघाली; इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री 'तबीयत से' (मनसोक्त) खाता येतं, प्रकृतीनं खाता येत नाही. तिथे प्रकृतीला जपूनच खावं लागतं.

लिहिण्याबद्दलही वहिनींनी विचारलं होतं. एकटा शब्द असेल तर मराठीत 'प्रकृती' दीर्घ. समासात आधी आला की ऱ्हस्व, 'प्रकृतिस्वास्थ्य'. हिंदीत तो एकटा असतानाही ऱ्हस्वच, 'प्रकृति'. तेव्हा सूनबाईंच्या वहीत तो तसा दिसला तर लाल शाई काढू नका.