काच उलटी धर

चि.,
अनेक आशीर्वाद.

पिनबॉलची यंत्रं (उतरत्या टेबलावर चेंडू उडवत ठेवायचा तो नाण्याचा खेळ) आणि निऑनचे बोर्ड एकत्र करून काढलेली तुझी सहाही चित्रं मिळाली. उत्तराला तीन आठवडे लावले, राग धरू नकोस. चित्रं आवडली होती, पण काहीतरी खटकत होतं, आणि ते नेमकं काय हे कळल्याशिवाय लिहायला बसायचं नाही असं ठरवलं होतं. परवा रात्री सहज म्हणून प्रिंटआउट आरशासमोर धरला, तेव्हा कळलं.

आधी जमलेलं सांगतो. पिनबॉलच्या बंपरची, म्हणजे चेंडू आपटला की त्याला उडवणाऱ्या खुंटाची, गोल टोपी उचलून तिचाच डायनरचा बोर्ड करायचा, ही कल्पना झकास आहे. चेंडू परतवणारे दोन फ्लिपर मोटेलच्या बाणासारखे वापरलेस, तेही. तुला ही यंत्रं फारशी खेळायला मिळालेली नाहीत, तरी चेंडू शेवटी खालीच येणार ही धाकधूक पहिल्या चित्रात उतरलीय. ते शिकवून येत नाही, म्हणून त्यावर मी बोलत नाही.

खटकलं ते उजेडाचं. सहाही चित्रांत उजेड एकाच जातीचा आहे. रेघ ओढली, आउटर ग्लो (रेघेबाहेर पसरणारी चमक) लावला, मधे पांढरी शीर ठेवली, जरासा ब्लर, की झालं निऑन. बॅकग्लासवरच्या, म्हणजे यंत्राच्या वरच्या चित्रकाचेवरच्या, बाईच्या गालाला तोच ग्लो आणि दुकानाच्या नावाला तोच ग्लो. अगं, हे दोन वेगळे धंदे आहेत.

जुन्या पिनबॉलच्या यंत्रात निऑन नसतोच. वरच्या उभ्या पेटीत, जिथे गुण दिसतात तिथे, फळीवर साधे छोटे बल्ब बसवलेले असत. ६.३ व्होल्टचे, ४४ नाहीतर ४७ नंबरचे. त्यांच्यापुढे काच, आणि काचेच्या मागच्या अंगाला स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं चित्र. तिथला उजेड रंगातून गाळून येतो. बल्ब जिथे जवळ असेल तिथे रंग उजळ, दोन बल्बांच्या मधे तोच रंग मलूल. निऑनमध्ये हे गाळणं नाही. नळीतला वायूच पेटलेला असतो, त्यामुळे रेघ हाच दिवा. एकात चित्रामागे दिवा, दुसऱ्यात दिव्याचंच चित्र. हा फरक तुझ्या ब्रशला ठाऊक असायला हवा.

माझी या विषयातली पात्रता म्हणशील, तर उमेदवारीच्या काळात मुंबईतल्या एका कारखान्यात मी ॲक्रिलिकवर उलटी छपाई केली, तेवढीच. उलटी म्हणजे शीटच्या पाठीवर छापायचं आणि पुढून बघायचं. त्यात क्रम फिरतो. सगळ्यात पुढे दिसायला हवी ती काळी रेघ सगळ्यात आधी, मग रंग, आणि शेवटी सगळ्यांच्या मागे पांढरा. पहिल्याच आठवड्यात मी पांढरा आधी ओढला. वरून पाच रंग नीट बसवले, वाळवले, कौतुकाने शीट उलटी केली, तर कोरी पांढरी! अशा चाळीस. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यातली एक शीट त्यांनी माझ्या टेबलासमोर टांगली आणि मी नोकरी सोडेपर्यंत ती तिथेच होती.

बॅकग्लासचंही तेच. काळी रेघ, रंग, पांढरा, आणि जिथून उजेड यायलाच नको तिथे शेवटचा अपारदर्शक थर. तुझ्या सॉफ्टवेअरमधल्या लेयर पॅनलच्या बरोब्बर उलटा क्रम. आणि या थरांचं म्हातारपणही वेगळं असतं. बल्बच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून रंग काचेवरून पापुद्र्यांनी सुटतो. (म्हणूनच यंत्रं दुरुस्त करणारे ४४ काढून ४७ लावतात. तो कमी करंट खातो आणि कमी तापतो.) तू चित्र ‘जुनं’ दिसावं म्हणून वरून ओरखड्यांचं टेक्स्चर टाकलंयस. पण ओरखडा पुढून पडतो, आणि तिथे तर गुळगुळीत काच आहे. रंग मागून सुटतो, आणि सुटला की तिथून उघडा बल्ब डोळ्यात घुसतो. हे एकदा नीट काढून बघ.

आता निऑनवाला. एका वर्कशॉपमध्ये मी दुपारभर स्टुलावर बसून बघितलंय. टेबलावर ॲस्बेस्टॉसचा पत्रा, त्यावर अक्षरांचा नकाशा, आणि तोही आरशात दिसावा तसा उलटा. कारण अक्षराची दर्शनी बाजू टेबलावर सपाट बसायला हवी, आणि मागे जायची वळणं वर, म्हणजे कारागिराकडे येतात. नळीच्या एका टोकाला बूच, दुसऱ्याला रबरी नळी, ती दातात धरलेली. ज्योतीवर काच मऊ झाली की ती लवंडायला लागते. तो ती उचलून नकाशावर टेकवतो आणि त्याच क्षणी हलकेच फुंकतो, नाहीतर वळणावर नळी चपटी होऊन वायूची वाट अडेल. हाताशी काही सेकंद असतात. चुकलं तर तुकडा कापायचा आणि नवा जोडायचा. त्याला अनडू नाही.

म्हणून तुझ्या अक्षरांकडे बघ. तुझा इंग्रजी ‘ए’ तीन सुट्ट्या रेघांचा आहे, प्रत्येकीची टोकं गोल आणि बंद. या रेघांना वीज कुठून मिळते? निऑनची नळी एका इलेक्ट्रोडपासून (वीज आत शिरते त्या टोकापासून) दुसऱ्यापर्यंत सलग असते. अक्षर पुरं करायला ती आल्या वाटेने परतते, एका अक्षरातून दुसऱ्यात मागच्या अंगाने जाते, आणि जो भाग दिसायला नको त्यावर काळा रंग फासतात. जुन्या बोर्डांची खरी गंमत त्या काळ्या तुकड्यांत आणि दुहेरी रेघांत आहे. आपली मोडी आठव. हात न उचलता लिहायची सक्ती, म्हणून तर तिला ते वळण आलं.

पिनबॉलमधून काय उचलायचं हेही यावरून ठरतं. साठीच्या दशकाच्या अखेरीस जेरी केली, ख्रिश्चन मार्श या चित्रकारांनी बॅकग्लासवर ती अणकुचीदार माणसं आणली, कोपरं भाल्यासारखी. तुझ्या चौथ्या चित्रात तीच आहेत. छपाईत ती शोभतात. काचेची नळी मात्र इतकं टोक सहज घेत नाही, तिला वळायला जागा लागते. त्याआधी पिनबॉलची यंत्रं बनवणाऱ्या गॉटलिब कंपनीसाठी रॉय पार्कर काढायचा त्या गुबगुबीत, हसऱ्या मंडळींकडे वळ. त्यांचे गाल आणि टोप्या जणू नळीसाठीच बनल्यात. टोकदार माणसं हवीच असतील तर ती मागच्या पत्र्यावर रंगात ठेव, नळी त्यांच्या भोवतीने ने.

रंगाचं थोडक्यात. साध्या काचेत निऑन फक्त नारिंगी-लाल जळतो. निळा हवा तर आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब. बाकीचे रंग काच रंगीत घेऊन किंवा आतून पावडरचा लेप देऊन येतात. जॉर्ज क्लोदने १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात या नळ्या पहिल्यांदा लोकांसमोर पेटवल्या तेव्हा उजेड लालच होता. तुझा जांभळा-गुलाबी आजच्या पोस्टरांतून आलाय. वाईट नाही, पण मग खाली ‘१९५०’ लिहू नकोस. आणि ती मधली पांढरी शीर कॅमेऱ्याची देणगी आहे. फोटोत उजेड जास्त झाला की मधला भाग पांढरा पडतो. लाल नळी डोळ्याला आरपार लालच दिसते.

लेकाकडे गेलो होतो तेव्हा लास व्हेगासलाही जाऊन आलो. शहराच्या वेशीवरचा तो प्रसिद्ध स्वागताचा बोर्ड बेटी विलिस यांनी १९५९ साली केला. सात पांढऱ्या वर्तुळांत सात अक्षरं, आणि कडेने धावणारे पिवळे बल्ब. नळी आणि बल्ब एकाच बोर्डावर, आणि दोघांची कामं वाटून दिलेली. अक्षर नळीने सांगायचं, गडबड बल्बांनी करायची. तिथून जवळच पिनबॉलचं संग्रहालय आहे. बघायचं आणि निघायचं असं नाही, नाणी टाकून खेळता येतं. मी तासाभरात सगळी नाणी घालवली. गॉटलिबने १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’त फ्लिपर बसवले नसते तर याहून लवकर घालवली असती.

पण खरं शिकलो ते तिथल्याच निऑन म्युझियमच्या अंगणात, भर उन्हात. जुने बोर्ड रांगेने उभे, पुष्कळसे विझलेले. विझलेली नळी अदृश्य होत नाही गं. ती साध्या किंवा करड्या-पांढऱ्या काचेची असते, पत्र्यापासून थोडी सुटी, काचेच्याच आधारांवर उभी, आणि तिची सावली मागच्या रंगावर पडते. तुझा पाचवा तुकडा हलता आहे ना, चेंडू उडून बंपरवर आपटतो तो? त्यात चेंडू लोण्यासारखा घसरतो. खऱ्या बोर्डावर चेंडूच्या चार जागा म्हणजे चार वेगळ्या नळ्या. एक पेटते, बाकीच्या तीन विझून तिथेच दिसत राहतात. त्या विझलेल्या तीन काढ. चेंडू जास्त जोरात आपटेल, बघ.

तू पुण्यात आहेस, तर एक काम कर. केळकर संग्रहालयात काचेवर उलट्या बाजूने रंगवलेली जुनी चित्रं आहेत. दागिन्यांची बारीक रेघ आधी, अंगाचा रंग मागून. तिथे उभं राहून मनातल्या मनात थर मोज. गार्ड संशयाने बघेल, बघू दे.

नवीन चित्र इतक्यात नको. बंपरचाच बोर्ड घे आणि ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने फक्त नळीचा नकाशा काढ, मागून दिसेल तसा. इलेक्ट्रोड कुठे, नळी कुठे मागे वळते, काळा कुठे फासायचा, सगळं त्यात दाखव. एकूण नळ्या किती झाल्या ते कोपऱ्यात लिही. माझा अंदाज नऊ. आणि कागद पोस्टानेच पाठव, फोनवर मोठं करून बघायला गेलो की माझ्या अंगठ्याने भलतंच काहीतरी होतं.

तुझा,
काका