अपंग स्त्रियांसाठी प्रशिक्षण केंद्र काढायचंय, कोणता व्यवसाय शिकवावा?

विकसनशील देशांत शारीरिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांना कोणत्या संधी आहेत, आणि छोट्या संस्थेने त्यांना नेमकं काय शिकवावं, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं: व्यवसाय नंतर ठरवा, आधी व्हीलचेअर आणि संडास बघा. ही दोन कामं राहिली तर वर्ग हळूहळू रिकामा होतो, आणि खरं कारण कोणी तोंडाने सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या २०११ च्या अहवालात ५१ देशांचे आकडे आहेत. अपंग पुरुषांपैकी ५२.८ टक्के कामावर होते, अपंग स्त्रियांपैकी फक्त १९.६ टक्के. अपंगत्व नसलेल्या स्त्रियांतही हे प्रमाण २९.९ टक्केच होतं. म्हणजे बाई असण्याचं नुकसान आधीच आहे, त्यावर अपंगत्वाचं चढतं. नुसतं ‘कौशल्य नाही’ म्हणून हे होत नाही.

देणगीत येणारी व्हीलचेअर बहुतेकदा दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर पेशंटला ढकलत नेण्यासाठी बनवलेली असते. पुढची चाकं लहान आणि अरुंद, मातीत रुततात, खुर्ची पुढे कलंडते. बारीक अंगाच्या बाईला ती रुंद होते. मग ती एका कुशीवर कलून बसते, कणा वाकत जातो, हात चाकापर्यंत नीट पोचत नाहीत आणि ढकलायला कायम दुसरं माणूस लागतं. म्हणून माप घ्याच. बसल्यावर नितंब किंवा मांड्या, जी रुंदी जास्त तेवढी बैठक. बैठकीची पुढून मागेपर्यंतची लांबी मात्र नितंबाच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंतच्या अंतरापेक्षा ३ ते ६ सेंटिमीटर कमी, नाहीतर बैठकीची कड पोटरीला घासते. पायठेवणीची उंची गादी ठेवूनच मोजा. आणि माप घ्यायला बाई हवी. पुरुष असला की संकोचापोटी दोघंही अंदाजावर भागवतात आणि तीच चूक ती बाई पुढे वर्षानुवर्षं भोगते.

कमरेखाली संवेदना नसेल तर चांगल्या गादीशिवाय खुर्ची देऊच नका. गादी तपासायची पद्धत सोपी आहे. तिला पुढे झुकायला सांगा, बसायच्या हाडाखाली तळहात वर करून बोटांची टोकं सरकवा, मग तिला सरळ बसू द्या. बोटं पाचेक मिलिमीटर वरखाली हलली तर दाब ठीक आहे. हलत नाहीत पण सहज निघतात, तर सावध व्हा. घट्ट चिमटली गेली तर ती गादी बदला. दोन्ही बाजूंना बघा, आणि काही महिन्यांनी पुन्हा बघा, कारण फोम दबून कडक होतो. बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, खोल गेला तर महिनोन्महिने पालथं पडून काढावे लागतात, आणि तेवढ्यात प्रशिक्षण संपलेलं असतं.

संडासाचं म्हणाल, तर सोय नसलेल्या जागी जाताना या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा संसर्ग, ताप, गैरहजेरी. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर ठेवा आणि दार बाहेर उघडणारं बसवा, कारण आत उघडणारं दार खुर्ची आत गेल्यावर लागत नाही. आत दीड मीटर व्यासाची वळायला जागा, बसायची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर. आधाराचा दांडा पक्क्या भिंतीतच बसवा, तो पूर्ण शरीराचं वजन पेलतो. हात पोचेल तिथे नळ, साबण, फळी आणि झाकणाचा डबा हवा. पाळीचं कापड किंवा पॅड बदलायला आणि कॅथेटर (लघवी काढायची नळी) धुवायला हे लागतंच. कॅथेटर दर ४ ते ६ तासांनी घालावा लागतो, म्हणून दहा मिनिटांची सुटी पुरत नाही. वेळापत्रकातच अर्धा तास धरा. बाहेरचा उतार एकास बारा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी.

आता व्यवसाय. बहुतेक जण शिवणकामापासून सुरुवात करतात. त्यातही पायाने चालवायचं मशीन आणून ठेवतात, आणि पोलिओ किंवा मणक्याची इजा असलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? हातचाकाचं मशीन घ्या, किंवा मोटर बसवून तिचं पेडल कोपराने दाबता येईल असं टेबलावर लावा. टेबलाखाली गुडघे जायला निदान ७० सेंटिमीटर मोकळी उंची हवी. पण शिलाई शिकलेल्या बायका आधीच पुष्कळ असतील तर हे सगळं करूनही कमाई होणार नाही. मोबाइल दुरुस्ती, हिशेब लिहिणं, फोनवरून ग्राहकसेवा यांचा विचार करा. मला स्वतःला व्हीलचेअर दुरुस्ती सगळ्यात पटते. सायकलचं सामान चालणाऱ्या खुर्च्या निवडल्या तर पंक्चर, स्पोक, बेअरिंग ही कामं बसून होतात, आणि माप घ्यायला बाई हवी हा प्रश्नही त्यातच सुटतो.

बचत गटांचा अनुभव मिश्र असतो. सभासद एकमेकींना निवडतात, त्यामुळे ‘ही परत कुठून फेडणार’ म्हणून अपंग बाई गाळली जाते. वेगळा गट काढण्यापेक्षा असलेल्या गटात तिला घ्यायला लावा आणि बैठक तळमजल्यावर ठेवा. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं, तेव्हापासून फोनवरून पैसे ठेवणं-पाठवणं अनेक देशांत रुजलंय. बँकेच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या बाईसाठी ही फार मोठी सोय आहे, पण सिमकार्ड भावाच्या नावावर आणि पिन त्याच्याकडे असेल तर कमाई त्याचीच. त्यामुळे प्रवेशाच्या वेळीच तिच्या नावाचं सिम आणि खातं करून द्या, पिन तिलाच टाकू द्या. घरच्यांशी बोला, जरूर बोला, पण एकदा तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय प्रवेश पक्का करू नका. मारहाण, उपाशी ठेवणं, भत्ता काढून घेणं या गोष्टी ती घरच्यांसमोर सांगणार नाही.

जागेसाठी किंवा निधीसाठी सरकारी दारात जाल तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार (२००६) हाताशी ठेवा. त्याचं कलम ६ फक्त अपंग स्त्रियांबद्दल आहे, कलम २७ रोजगाराबद्दल. तुमच्या देशाने तो मान्य केला असेल तर अर्जात कलमाचा क्रमांक लिहा, आणि सोबत खर्चाचा तक्ता जोडा. त्यात खुर्च्यांच्या खरेदीखाली गाद्या, टायर-ट्यूब आणि दुरुस्तीची वेगळी ओळ हवी. ती नंतर मंजूर करून घेणं फार अवघड जातं.