‘विदर्भ’ या नावात दर्भ किती?

प्रश्न : ‘जिथे दर्भ उगवत नाही तो विदर्भ’ असे आम्हाला शाळेत सांगितले होते. ही व्युत्पत्ती खरी मानावी का? आणि वऱ्हाड हे त्याच प्रदेशाचे दुसरे नाव आहे का? – एक वाचक, अकोला

उत्तर : ‘विगताः दर्भाः यतः’ ही फोड जुन्या पंडितांचीच आहे, त्यामुळे ती सांगणाऱ्या शिक्षकांना दोष देता येणार नाही, मात्र नाव आधी रूढ झाले आणि अर्थ त्यावर मागाहून बसवला गेला, असे आमचे मत आहे. महाभारतातील नलोपाख्यानात दमयंतीच्या पित्याविषयी ‘तथैवासीद्विदर्भेषु भीमो भीमपराक्रमः’ असे म्हटले आहे. राज्य एकच असूनही शब्द ‘विदर्भेषु’ असा अनेकवचनी आहे. अंग, वंग, कलिंग ही नावेही संस्कृतात अशीच चालतात, कारण ती मुळात लोकांची नावे असून त्यांच्यावरून देश ओळखला जाई. गवताच्या अभावावरून नाव पडले असे धरले, तर या अनेकवचनाचा सहज उलगडा होत नाही.

पुराणेही गवताकडे न जाता वंशाकडेच जातात. विष्णुपुराणातील कथा तर मोठी गमतीची आहे. यदुवंशातील निपुत्रिक राजा ज्यामघ युद्धात मिळालेली राजकन्या रथात बसवून घरी आणतो आणि राणी शैब्येने ‘ही कोण?’ असे दरडावताच घाबरून ‘ही तुझी सून’ असे सांगून मोकळा होतो. पुढे शैब्येला खरोखरच पुत्र होतो, तोच विदर्भ, आणि त्याचे लग्न त्याच मुलीशी लागते. क्रथ आणि कैशिक हे त्याचे पुत्र, म्हणूनच कालिदास रघुवंशात विदर्भाच्या राजाला ‘क्रथकैशिकांचा ईश्वर’ म्हणतो. ही कथा इतिहास नव्हे, पण नाव माणसांचे होते ही समजूत तिच्यात स्पष्ट दिसते.

वऱ्हाडाविषयी अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त म्हटले आहे की मूळ शब्द ‘वर्धातट’, म्हणजे वर्धा नदीचा काठ. रुक्मिणीच्या लग्नाचे वऱ्हाड इथे आले म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर वर्धेच्याच काठी असल्याने ती कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. व्यवहारात मात्र दोन्ही नावांची व्याप्ती एक नाही. आजच्या विदर्भात 11 जिल्हे आहेत आणि वऱ्हाड म्हणजे त्यांतील अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम एवढेच; भंडारा-गोंदियाकडचा माणूस आपल्या भागाला झाडीपट्टी म्हणेल, वऱ्हाड म्हणणार नाही.